उरलेला वेळ

मैत्रिणींनो, 'फावल्या वेळात' हे शब्द तुम्ही आजवर किती वेळा ऐकले असतील? मासिकात एखादीची ओळख छापून येते, 'घरचं सगळं सांभाळून त्या फावल्या वेळात भरतकाम करतात.' लग्नाच्या पंगतीत कोणी विचारतं, "तुमच्या सूनबाई काय करतात हो?" आणि सासूबाई कौतुकानं सांगतात, "फावल्या वेळात शिकवण्या घेते." ऐकायला किती गोड! पण मला सांगा, हा फावला वेळ तुमच्या घरी येतो तरी कधी? सकाळी नळाचं पाणी, डबे, पोळ्या, पूजा. मग भांडीवाली बाई, मग गॅसवाला, मग कोणाचा तरी फोन. दुपारी जरा पाठ टेकली की दारात कुरियरवाला उभा. चार वाजता चहा, आणि त्यानंतर 'रात्रीला भाजी काय करायची' हा जन्मभर न सुटणारा प्रश्न. माझ्या घरी तर फावला वेळ नावाचा पाहुणा इतक्या वर्षांत एकदाही पायरी चढून आला नाही.

यश कशानं मिळतं यावर पुष्कळ लिहिलं जातं. जिद्द हवी, चिकाटी हवी, आत्मविश्वास हवा. हवाच, नाही कोण म्हणतं? पण सकाळी साडेपाचला उठून जिच्या हातात आधी झाडू येतो, तिनं ही जिद्द ठेवायची कुठे? ज्या बायकांचं काम उभं राहिलेलं मी पाहिलं, त्यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसली. त्यांच्यापाशी तुमच्याआमच्यापेक्षा जास्त वेळ नव्हता. त्यांनी आपल्या कामाला उरलासुरला वेळ दिला नाही, इतकंच. कामाचे तास आधी बाजूला काढले आणि बाकीचा संसार त्यांच्या अवतीभवती बसवला. आपण मात्र उलट करतो. आधी सगळ्यांना वाढतो आणि पातेल्यात राहील ते आपण खातो, तसंच वेळेचंही.

हे सांगायचा मला काय अधिकार, असं विचाराल. मी काही कारखानदारीण नाही. नागपुरात घरी बसून ब्लाऊज शिवते. पण त्या ब्लाऊजांवर आमचं घर चाललं, दोन मुलं शिकली, म्हणून बोलते.

झालं असं, की वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली. पगार आधी उशिरा यायला लागला, मग अर्धा, मग आलाच नाही. नागपूर म्हणजे एके काळी गिरण्यांचं गाव. पहाटेच्या भोंग्यावर आमच्या वस्तीतल्या चुली पेटायच्या. भोंगा थांबला आणि चाळीसच्या पुढची धडधाकट माणसं घराच्या ओट्यावर येऊन बसली. आमचे हेही बसले. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. घरात सासूबाई, त्यांना दम्याचं औषध. हातात होतं काय, तर माहेरहून आलेलं पायाचं शिलाई मशीन आणि लग्नाआधी केलेला एक शिवणक्लास.

तोवर मी शिवत नव्हते असं नाही. जावांचे, नणंदांचे, शेजारणींचे ब्लाऊज शिवून देत होते. पण ते सगळं फावल्या वेळातलं, म्हणजे पैसे न घेता. "घरचीच आहे, तिला काय पैसे द्यायचे!" असा रिवाज. वर "हातात कला आहे हो तुझ्या" एवढी शाबासकी. कलेवर किराणा मिळत नाही, हे त्या वर्षीच्या जून महिन्यात वह्या-पुस्तकांची यादी हातात आली तेव्हा फार जवळून कळलं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, उद्यापासून दहा ते एक मी मशीनवर बसणार. त्या वेळात मला उठवायचं नाही."

त्या वऱ्हाडातल्या. म्हणाल्या, "काऊन वं? दहा ते एक का हापिस आहे तुह्यं?"

"हो," म्हटलं, "ऑफिसच समजा."

त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला शेजारच्या काकू वाटी घेऊन साखर मागायला आल्या, तर ह्या दारातच आडव्या! "सूनबाई हापिसात हाय. एकानंतर या." काकू हसल्या, मीही आतल्या आत हसले. पण मैत्रिणींनो, त्या दिवशी माझ्या कामाला घरात पहिल्यांदा नाव मिळालं. सासूबाईंनी पुढे हा पहारा इतक्या निष्ठेनं केला, की एकदा माझ्या सख्ख्या भावाला अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं. चहा दिला, पण आत सोडलं नाही.

तुम्ही म्हणाल, तीन तासांत काय होतं? सुरुवातीला फारसं होत नव्हतं. दिवसाला दोन साधे ब्लाऊज, हात बसल्यावर तीन. पण रोज. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरमधून दमट वारा, खालचा कागद घामानं बोटाला चिकटतो. तरी दहा ते एक. अंगात जोर असेल त्या दिवशी सहा तास आणि नसेल त्या दिवशी शून्य, असं केलं असतं तर गिऱ्हाइकाला 'मंगळवारी या' असं मी कधीच सांगू शकले नसते. आणि शिवणकामात अर्धी पत कापणीवर असते, अर्धी 'मंगळवारी या' म्हटल्यावर मंगळवारी ब्लाऊज तयार असण्यावर. आमच्या मोहल्ल्यात माझ्यापेक्षा सुबक शिवणाऱ्या दोघी होत्या, हे मी मोकळेपणानं सांगते. गिऱ्हाईक माझ्याकडे टिकलं ते त्या मंगळवारामुळे.

ही सवय मी कुठल्या पुस्तकातून घेतली नाही. तिचा एक धागा थेट सीताबर्डीपर्यंत जातो. माझी दोन्ही बाळंतपणं बर्डीवरच्या मातृ सेवा संघात झाली. आमच्या पिढीतल्या किती नागपूरकरणींची झाली असतील! "कुठे नाव घातलं?" म्हटलं की "मातृ सेवा संघात" हे उत्तर ठरलेलं. तिथे खाटेवर पडल्या पडल्या सासूबाईंनी मला कमलाताईंची गोष्ट सांगितली होती.

कमलाताई होस्पेट म्हणजे माहेरच्या यमुना मोहोनी. जन्म १८९६ सालचा. कोवळ्या वयात लग्न झालं आणि कोवळ्या वयातच कुंकू पुसलं गेलं. त्या काळी अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असे, ते मी काय सांगू? माजघराचा कोपरा, घरभरची राबणूक, कुणाच्या शुभकार्यात समोर यायचं नाही. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेतलं. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण तेव्हा बाळंतिणीचं काम म्हणजे विटाळाचं काम. सुईणीला हाक मारायची ती परसदारातून. पांढरपेशा घरातल्या बाईनं ते शिकायचं, हेच लोकांना पटणारं नव्हतं. आणि घराघरांत बाळंतपण व्हायचं ते अंधाऱ्या खोलीत. किती आया आणि किती लेकरं त्या खोल्यांतून बाहेर आलीच नाहीत.

१९२१ साली कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासोबत मातृ सेवा संघाची सुरुवात केली, सीताबर्डीवर, लहानशा जागेत. दोघी बायका, पाठीशी ना पैसा ना मोठं नाव. पुढे त्याच संस्थेची महालात आणि इतरत्र रुग्णालयं झाली, १९५८ साली समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, मतिमंद मुलांसाठी नंदनवन, अपंग मुलांसाठी स्नेहांगण, म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८१ साली त्या गेल्या.

आता अशा बाईंबद्दल बोलताना सगळेजण 'त्याग' आणि 'देवी' या शब्दांवर येतात, आणि तिथेच माझं बिनसतं. एकदा बाईला देवी केलं, की तिच्यापासून काही शिकायची जबाबदारी संपते. नमस्कार केला की झालं! मला त्यांचं काम आठवतं ते वेगळ्या तऱ्हेनं. सूतिकागृह चालवायचं म्हणजे काय, कल्पना करा. पाणी उकळायचं, चादरी धुवायच्या, रात्रपाळीला कोण आहे ते ठरवायचं, नोंदवहीत वेळ लिहायची. मूल काही तुमचा फावला वेळ बघून जन्माला येत नाही. अशा घरात 'आज जमलं तर बघू' हे वाक्य चालतच नाही. साठ वर्षं रोज जमवायचं असेल तर ते भावनेच्या भरात जमत नाही, घडी बसलेली असावी लागते. चादर बदलायची वेळ झाली की चादर बदलली जाते. मनाला उभारी असो वा नसो.

मनाच्या उभारीवरून आठवलं. पुष्कळजणी मला म्हणतात, "ताई, मूडच लागत नाही." अहो, भाकरी थापायला कधी मूड लागतो का? सकाळचा डबा आपण इतकी वर्षं न चुकता करतो तो काय हौस म्हणून? म्हणजे नेमानं काम करायची सवय आपल्याला आहेच. ती आपल्याकडे नाही असं जे कोणी सांगतं, त्यानं बाईच्या स्वयंपाकघरात एक आठवडा काढावा. दुसऱ्यांच्या कामात वापरतो तो नेम आपल्या कामाला लावायचा आपल्याला संकोच वाटतो, एवढाच फरक.

संकोचाचा दुसरा भाऊ म्हणजे पैशाचा संकोच. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शिवणापेक्षा मला तोच जड गेला.

मुंबईच्या गिरगावातल्या लिज्जत पापडाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली ती चार पाकिटं. त्यांना सल्ला देणारे छगनबाप्पा पारेख यांनी दोन गोष्टी बजावल्या, हिशोब चोख ठेवा आणि मालाचा दर्जा उतरू देऊ नका. बायकांनी ठरवलं, तोटा झाला तरी चालेल, पण कोणाची देणगी घ्यायची नाही. आज हजारो बायका सकाळी भिजवलेलं पीठ घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून देऊन आपली मजुरी घेतात. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला यातली देणगी नाकारण्याची गोष्ट फार मोठी वाटते. देणगी घेतली की काम 'बिचाऱ्या बायकांचं' होतं. मजुरी घेतली की ते काम होतं.

मी एक दोनशे पानी वही केली. तिच्यात अस्तर, हुक, दोरा, मशीनचं तेल, सुया, विजेचा अंदाज, सगळं लिहायचे. तेव्हा साध्या ब्लाऊजची शिलाई मी ४० रुपये ठेवली. महिन्याअखेर बेरीज केली तर कळलं, की अस्तराच्या ब्लाऊजमध्ये माझ्या हाती जवळपास काहीच पडत नव्हतं, कारण कापणीला दुप्पट वेळ जातो. तो दर मी वाढवला. डोक्यात हिशोब ठेवला असता तर हे कधीच दिसलं नसतं. डोक्यातला हिशोब आपल्याला नेहमी बरं वाटेल असाच येतो.

मग आली खरी परीक्षा. थोरल्या नणंदबाई, आमच्या अकोल्याच्या. मुलीच्या लग्नाचे अकरा ब्लाऊज पीस घेऊन आल्या. आजवर त्यांचं सगळं मीच शिवलेलं, अर्थात फुकट. अकरा ब्लाऊज म्हणजे माझे चार दिवस. चार दिवस म्हणजे त्या महिन्याचं विजेचं बिल आणि मुलाची फी. रात्रभर मला झोप नाही. सकाळी चहा देताना म्हटलं, "ताई, सगळे शिवते, अगदी मनापासून शिवते. नवरीचा शालूवरचा ब्लाऊज माझ्याकडून आहेर. बाकीच्या दहांची शिलाई मात्र घेईन." त्यांचा चेहरा उतरला. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. सासूबाई काय म्हणतील याची मला धडधड, तर त्या मुलीलाच म्हणाल्या, "अवं, बाहेर देशील तर तो टेलर काय तुह्या मामाचा पोरगा हाय?" ताईंनी पैसे दिले. पुढचे सहा महिने फोन केला नाही, हेही सांगते. असं काही केलं की सगळे टाळ्या वाजवतात, असं नाही. लग्नात मात्र त्यांनीच मला पुढे करून विहीणबाईंना सांगितलं, "हे सगळे आमच्या वहिनीनं शिवले." दर कोणालाच सांगितला नाही, ते बरंच केलं!

ह्यांच्याबद्दल लिहू की नको, असं वाटत होतं. पण तुमच्यातल्या कितीतरी घरांत हा प्रसंग असेल, म्हणून लिहिते. ज्या पुरुषानं वीस वर्षं पगाराचं पाकीट बायकोच्या हातात ठेवलं, त्याला बायकोच्या पैशावर भाजी आणायला जाताना काय वाटत असेल? हे कित्येक महिने गप्प होते. मीही उपदेश केला नाही. एक दिवस म्हटलं, "इतवारीत जाऊन अस्तराचं कापड घाऊक दरानं बघता का? मला भाव कळत नाही." खरं तर भाव मला कळत होता. पण कापड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे खोटं नव्हतं; सूत बोटानं चोळून सांगायचे, आटेल का नाही ते. तेव्हापासून अस्तर, हुक, दोऱ्याची खरेदी त्यांच्याकडे आली. मग दोन दुकानांना अस्तर पुरवायचं कामही त्यांनी उभं केलं. सगळ्या घरांत असं जमतं असं मी म्हणणार नाही. आमच्या वस्तीत काही माणसं त्या ओट्यावरून उठलीच नाहीत, दारूत गेली. त्यांच्या बायकाही माझ्याइतक्याच कष्टाळू होत्या. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला कुठले दहा ते एक? नशीब आणि माणसं यांचाही वाटा असतो. तो न मोजता नुसत्या मेहनतीचं गुणगान मला ऐकवत नाही.

आता अलीकडची गोष्ट. जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. वय अवघं १९. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हम्पीसारखी मुरलेली खेळाडू. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांत निकाल, आणि त्या विजयासरशी ग्रँडमास्टर किताबही. शहरभर फलक लागले. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायका, ज्यांना घोडा अडीच घरं जातो हेही ठाऊक नाही, त्याही आपल्याच घरचं कार्य असल्यासारख्या बोलत होत्या. एक म्हणाली, "देवाची देणगी हो!" असेल. पण ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून पटापुढे बसते आहे. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर, म्हणजे त्यांच्या घरी वेळेची काही रेलचेल नसणार. तरी लेकीच्या खेळाला त्या घरात जागा होती.

मी त्या बाईंना विचारलं, तुमच्या घरी मुलगा अभ्यासाला बसला की टीव्ही बंद होतो ना? होतो, म्हणाल्या. आणि मुलगी बसली की? त्या हसल्या. कारण मुलगी बसली की आपणच आतून हाक मारतो, "जरा दूध बघ गं, उतू जाईल." बेल वाजली तर दार तिनं उघडायचं, आजोबांना पाणी तिनं द्यायचं. प्रत्येक काम दोन मिनिटांचं. पण डोक्यातला धागा तुटतो तो तुटतोच. पोरीला लहानपणापासून आपण हेच शिकवतो, की तुझा वेळ सगळ्यांचा आहे. मग तिशीनंतर तिला आत्मविश्वासाची पुस्तकं आणून देतो. आमच्या मुलीच्या दहावीला सासूबाईंनी तिच्याही खोलीपुढे खुर्ची टाकली होती. आज ती पुण्याला नोकरी करते आणि रविवारी फोनवर मला दटावते, "आई, अकरा वाजलेत, तू मशीनवर का नाहीस?" रविवारी सुट्टी असते, हे तिला दर वेळी सांगावं लागतं.

सासूबाई आता नाहीत. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून पायाच्या मशीनला मोटार बसवली. साध्या ब्लाऊजची शिलाई आता २५० आहे, अस्तराची वेगळी. वस्तीतल्या दोन मुली शिकायला येतात, त्यांनाही पहिल्या दिवशी वही दिली.

तुमच्यापैकी कोणाला सुरुवात करायची असेल, मग ते शिवण असो, शिकवणी असो, मसाले असोत की अर्धवट राहिलेली पदवी असो, तर एवढं करून बघा. पहिल्या महिन्यात एकच तास धरा, तीन नको. तो घरातली माणसं बाहेर असतानाचा धरा, रात्री सगळं आवरल्यानंतरचा नको. तेव्हा अंगात काही शिल्लक नसतं. घरात तो तास सांगून टाका, मनात ठेवू नका, कारण मनातला तास कोणालाही दिसत नाही. भाजीवाल्याला आणि माहेरच्यांनाही सांगा. माहेरचे फोन नेमके त्याच वेळी येतात! मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि पहिला पंधरवडा कोणी काही बोललं तर वाद घालू नका, फक्त उठू नका. कुकर लावून बसू नये, हे मात्र अनुभवानं सांगते. शिट्ट्या मोजताना टीप हमखास वाकडी जाते.